नवी गाडी आणि आपली रोजकीर्द



शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव घेताना आपल्या समाजाची मान आजही उंचावते. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत पाऊल टाकले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. १९५३ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर अर्धशतकाने, २००४ मध्ये, त्याच कंपनीचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात प्रतिवादी म्हणून आले. केरळातील एका ग्राहकाने ‘११८ एनई’ ही नवी कोरी मोटार घेतली होती आणि ती आरंभापासून दोषयुक्त निघाली होती. सदोष गाडी परत घेणे वा तिचे मोल परत करणे सोडून एवढी नामांकित कंपनी शेवटच्या पायरीपर्यंत भांडत राहिली, याबद्दल न्यायालयाने नापसंती व्यक्त केली.

हा निकाल वाचून कोणासही वाटेल की, नवी गाडी बिघडली म्हणजे दुसरी नवी गाडी मागावी आणि ती मिळावी. परंतु दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, मारुती उद्योगच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने वेगळा सूर लावला. जम्मूतील एका ग्राहकाच्या गाडीचा क्लच वारंवार बिघडत असे. खालच्या पायरीवर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. वॉरंटीच्या करारात सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलून देण्याचे वचन आहे, संपूर्ण गाडी बदलण्याचे नाही. म्हणून ग्राहकाला त्या भागापुरता न्याय आणि झालेल्या त्रासाची भरपाई मिळेल, असे न्यायालयाने ठरविले. आपल्या पेढ्यांच्या भाषेत सांगायचे तर मोटार ही जांगडीवर मिळत नाही. पसंत न पडल्यास थान परत, हा कापडबाजाराचा रिवाज येथे चालत नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण नंदाखालमधील एक परिचित कुटुंब. आगाशीच्या बाजारात त्यांचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. मागील धनत्रयोदशीस त्यांनी स्वयंचलित गिअरची गाडी घेतली आणि पहिली फेरी आगाशीच्या मुनिसुव्रत स्वामींच्या देरासरापर्यंत केली. दुसऱ्याच महिन्यात गाडी धक्के देऊ लागली. पुढे विरारच्या उड्डाणपुलावर, ऐन गर्दीत, गिअर आपोआप सुटून गाडी जागच्या जागी थांबली. आत ब्याऐंशी वर्षांच्या आजी होत्या आणि मागे टेम्पो. गणेशोत्सवापर्यंत ती सहा वेळा कार्यशाळेत जाऊन आली. प्रत्येक वेळी ‘सॉफ्टवेअर अद्ययावत केले, आता तक्रार राहणार नाही’ असे उत्तर मिळे.

धाकटा मुलगा माझ्याकडे आला तो संतापूनच. “काका, मला ही गाडी नकोच. नवी द्या, नाहीतर पैसे द्या. नाहीतर मी हप्ते बंद करतो.”

मी म्हटले, “हप्त्याचे नंतर बोलू. आधी जॉब कार्डे दाखव.”

सहा फेऱ्यांपैकी चारच फेऱ्यांची कार्डे निघाली. उरलेल्या दोन वेळी कार्यशाळेचा माणूस दारातून गाडी घेऊन गेला होता आणि संध्याकाळी आणून सोडली होती. लेखी काहीच नव्हते. चार कार्डांपैकी तिन्हींवर तक्रारीच्या रकान्यात ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढेच लिहिलेले आणि खाली ‘काम समाधानकारक’ या छापील ओळीवर मुलाची सही. जे घराणे रोजकीर्दीत चहाचे वीस रुपयेही खर्ची टाकल्याशिवाय दुकान बंद करीत नाही, त्या घराण्याने तेरा लाखांच्या वस्तूची कीर्द लिहिली नव्हती! बँकेच्या कर्ज विभागात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. व्यापारी माणूस विक्रेत्याच्या खुर्चीवर असताना जितका काटेकोर, तितकाच ग्राहकाच्या खुर्चीवर भोळा असतो.

मग आम्ही ती कीर्द मागाहून उभी केली. कार्यशाळेकडून आलेले ‘आपली गाडी तयार आहे’ हे संदेश, रस्त्यावर मदतीस आलेल्या वाहनाची पावती, फास्टॅगच्या नोंदी, आजींना घेऊन परतलेल्या रिक्षाचे भाडे, हे सारे तारीखवार लावले. तेव्हा कळले की दहा महिन्यांत गाडी एकेचाळीस दिवस कार्यशाळेत होती. संतापापेक्षा हा आकडा अधिक बोलका होता.

वडील मात्र संकोचले. “आपणही दुकानदारच. आपले गिऱ्हाईक माल घेऊन परत येते, तेव्हा ते आपल्याला गोड वाटते का? शिवाय पर्युषण नुकतेच झाले. क्षमापना करून लगेच नोटीस पाठवायची?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझे मत असे की क्षमा माणसाला करायची असते, खात्याला नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणलेला आहे. चांगल्याच्या नावाखाली हलके देणे हा विक्रेत्याचा दोष होय. तो शांतपणे, कटू शब्द न वापरता दाखवून देणे यात कषाय कोठे आला? उलट कार्यशाळेच्या काउंटरवर त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरावर ओरडणे, जे धाकटे चिरंजीव दोनदा करून आले होते, ते मात्र कषायच. आणि त्याने गिअर सुधारला नाही तो नाहीच.

तक्रार करण्यापूर्वी दोष गाडीचा की वापराचा, हे मात्र प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकाच्या डिझेल गाड्यांना धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती जाळून स्वच्छ होण्यास गाडी काही काळ मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात चालावी लागते. घर ते दुकान, दुकान ते स्टेशन अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांतच गाडी फिरली की गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि आपण ‘नवी गाडी बिघडली’ म्हणतो. अशा घराने पेट्रोलची गाडी घ्यावी, हे विक्रेत्याने सांगायला हवे. तो सांगत नाही, कारण त्याच्या आवारात डिझेलची उभी असते. तसेच पाण्याचे. २०१८ च्या जुलैत वसई-विरार कसे जलमय झाले होते ते आपण विसरलेलो नाही. तुंबलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी शिरले तर ते वॉरंटीत बसत नाही. तेथे विमा लागतो, आणि इंजिनसंरक्षणाची जोड नसेल तर बहुधा तोही हात वर करतो. नंदाखालच्या गाडीत असे काही नव्हते. पेट्रोलची गाडी, सेवा वेळच्या वेळी, पाण्यात कधी गेली नाही. हे आम्ही पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिले.

पत्र कोणाला, हाही प्रश्न असतो. विक्रेता आणि निर्माता यांना आपण एकच समजतो. कायदा तसे नेहमीच समजत नाही. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि त्याच्या हाती २००९ ची, सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली गाडी पडली. टाटा मोटर्सच्या त्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विक्रेत्याने परस्पर केलेल्या लबाडीची जबाबदारी, कंपनीला त्याची माहिती होती असे दिसल्याशिवाय, कंपनीवर टाकता येणार नाही. म्हणजे जुनी गाडी नवी म्हणून दिली, तर तो विक्रेत्याचा दोष. गिअर घडणीतच सदोष असेल, तर तो निर्मात्याचा. तक्रारदाराला हे आधी ठरविता येत नसते, म्हणून पत्र आणि पुढे तक्रारही दोघांच्या नावे करावी. आणि ताबा घेतानाच फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रावरील निर्मितीचा महिना व वर्ष वाचावे, चासी क्रमांक गाडीशी ताडून पाहावा. पेढा वाटणे पाच मिनिटांनी झाले तरी चालते.

आमच्या पत्रात ‘नवी गाडी द्या’ असे नव्हते. मुलाला ते रुचले नाही. आम्ही तीन गोष्टी मागितल्या: कार्यशाळा व्यवस्थापकाने स्वतः शेजारी बसून त्याच उड्डाणपुलावरून गाडी चालवून पाहावी, गाडीच्या संगणकात साठलेल्या दोष-संकेतांची छापील प्रत द्यावी, आणि गिअरचा संपूर्ण संच बदलावा. बदलून दोष न गेल्यास किंमत परत मागण्याचा हक्क राखून ठेवत आहोत, हे वाक्य शेवटी होते. नोंदणीकृत टपालाने एक प्रत विक्रेत्याला, एक कंपनीच्या मुख्यालयाला. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आले. पाचव्या आठवड्यात संच बदलला गेला, त्या भागाची वॉरंटी एक वर्षाने वाढवून लेखी मिळाली. ताबा घेताना त्या छापील ओळीखाली मुलाने स्वहस्ते लिहिले, ‘हक्क अबाधित ठेवून ताबा घेतला.’ पूर्ण जय झाला असे मी म्हणणार नाही. एकेचाळीस दिवसांची भरपाई म्हणून एक रुपयाही आला नाही.

गाडी दुकानाच्या पेढीच्या नावावर होती, हे येथे सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी निम्म्या घरांत तसेच असते. घसारा मिळतो म्हणून मुनीमजी तसा सल्ला देतात. मग तंटा झाला की समोरचा वकील म्हणतो, ही व्यापारी हेतूने केलेली खरेदी, तुम्ही कायद्याने ‘ग्राहक’च नव्हे. याबाबत ९ जुलै २०२४ चा मर्सिडीज-बेंझसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. कंपन्यांनी आपल्या संचालकांच्या वापरासाठी घेतलेल्या गाड्यांचा तो वाद होता. एकीत अपघातप्रसंगी एअरबॅग उघडल्या नव्हत्या, दुसरी आतून तापत असे. नाव कंपनीचे असले तरी वापर व्यक्तिगत असेल तर ती व्यापारी खरेदी ठरत नाही, असे न्यायालयाने मानले. माल वाहणाऱ्या टेम्पोला मात्र हा आधार सहजी मिळणार नाही.

आता हप्त्याचे. गाडी बंद असली तरी कर्ज चालू असते. बँकेने पैसे दिले, गाडी घडविली नाही. तिचा करार तुमच्याशी आहे, गिअरशी नाही. रागाने दोन हप्ते थांबविले की पतअहवालावर डाग पडतो, आणि उद्या पेढीच्या कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला जाल तेव्हा तेथील अधिकारी गिअरची कथा ऐकून घेत नाही. मी स्वतः ऐकली नसती.

पत्राने काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुष्कळ कंपन्या तेथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो वा काम करतो त्या ठिकाणीच तक्रार दाखल करता येते. विक्रेता मुंबईचा वा ठाण्याचा असला तरी हरकत नाही. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येते. केवळ पाहून कळत नाही असा दोष असेल, तर कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवितो. ही तपासणी तक्रारदाराने स्वतः मागावी. ‘सहा वेळा दुरुस्ती झाली’ एवढ्याने निर्मितिदोष सिद्ध झाला असे सहसा मानले जात नाही. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी असल्यास पाच. प्रत्यक्षात वर्षे लागतात, हे धरून चालावे.

आणि मुदत! कारण घडल्यापासून दोन वर्षे. कार्यशाळेचा गोड माणूस ‘पुढच्या सर्व्हिसला पाहून घेऊ’ म्हणत राहतो आणि ही दोन वर्षे संपत येतात. पहिल्या लेखी तक्रारीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

परदेशांत याहून सुटसुटीत वाटा आहेत. अमेरिकेत अशा गाडीला ‘लेमन’, म्हणजे लिंबू, म्हणतात. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, तर सिंगापूरने २०१२ मध्ये तशी तरतूद केली. ठरावीक प्रयत्नांनंतरही दोष गेला नाही, तर किंमत परत वा बदली. आमच्या वाणिज्य शाखेच्या मंडळींना जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध आठवेल: विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगली गाडीही पडत्या भावात जाते. त्यासह केलेल्या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अद्याप नाही.

जे आहे ते थोडे निराळे आहे. २०१० मध्ये मुंबईत एक नवी नॅनो शोरूममधून घरी नेताना वाटेत पेटली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले, पण तेव्हा तसे करण्याची सक्ती नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले आणि एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांबाबत सरकार सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्यासाठी एकाच मॉडेलच्या पुरेशा मालकांच्या तक्रारी ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदल्या जाव्या लागतात. नंदाखालच्या कुटुंबाने आपली तक्रार, गिअर बदलून मिळाल्यावरही, तेथे नोंदवून ठेवली आहे. चासी क्रमांक आणि नोंदणी प्रमाणपत्र हाताशी असले की काम दहा मिनिटांचे आहे.