फोटो आहे, पण उघडत नाही!

मंडळी, आज नगरपालिका नाही, रस्त्यातले खड्डे नाहीत. आज फोटोच्या फायलींबद्दल लिहितोय. 'हा काय विषय झाला का?' असं म्हणून पुढे सरकू नका. वाचा, मग ठरवा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तालुक्यातल्या एका गावात ओढ्याचं पाणी सोयाबीनमध्ये घुसलं. शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात कामाला. रात्रीची गाडी पकडून तो आला आणि सकाळी स्वतःच्या सेकंडहँड पण भारी फोनवर वीस-बावीस फोटो काढले. बांधावरून वाहणारं पाणी, आडवं झालेलं पीक, मागे गावाची पाण्याची टाकी. प्रत्येक फोटोच्या आत तारीख, वेळ आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले. यापेक्षा चांगला पुरावा कोणता हवा?

दुसऱ्या दिवशी बाप पेनड्राइव्ह घेऊन कचेरीत गेला. तिथल्या संगणकावर एकही फोटो उघडला नाही. टेबलावरचे साहेब म्हणाले, "काका, यात काही नाहीये. कोऱ्या फायली आहेत."

कोऱ्या नव्हत्या हो! फायलीच्या शेपटीला 'जेपीजी'ऐवजी 'एचईआयसी' होतं, एवढाच तिचा गुन्हा.

मग कोणीतरी शहाणपण सुचवलं, मेसेजवर पाठवा. पाठवले. वाटेत फोटो बारीक झाले आणि आतली तारीख-जागा पुसली गेली. पुन्हा कचेरी. आता नवा आक्षेप : "हे कधीचे, कुठले, कशावरून?" या हेलपाट्यांत मुदत टळली. ते बापलेक माझ्याकडे आले तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "दादा, माझं पीक गेलं ते पाण्यानं. पण पैसे कशानं गेले, ते मला कळंना."

त्या कचेरीचं नाव घेत नाही, कारण हा एका टेबलाचा दोष नाही. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्यायला हवं.

जेपीजी हा प्रकार १९९२ सालचा. तीस वर्षं झाली, जगातलं कुठलंही यंत्र तो उघडतं. पुढे २०१५ च्या सुमारास एचईआयएफ नावाचं नवं मानक आलं. त्यात फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयफोनच्या नव्या मॉडेलांवर तेच मूळ सेटिंग करून टाकलं. ग्राहकाला विचारलं का? नाही. आज काही अँड्रॉइड फोनांतही तो पर्याय आहे.

आता मेख ऐका. या एचईआयसी फायलीत चित्र दाबून बसवायला जे तंत्र वापरतात, ते मुळात व्हिडिओसाठी बनलेलं एचईव्हीसी. त्यावर एक-दोन नव्हे, ढीगभर कंपन्यांची पेटंटं आहेत. म्हणून विंडोजमध्ये हे फोटो उघडायला दोन जोडण्या लागतात. एक फुकट. दुसरी नवीन संगणकात कधी आधीच बसवलेली असते, नाहीतर स्टोअरमधून थोडे पैसे भरून घ्यावी लागते. रक्कम किरकोळ आहे. पण सरकारी कचेरीतल्या संगणकासाठी ती भरायची कोणी, कोणाच्या कार्डावरून आणि कुठल्या हेडखाली? थोडक्यात, फोटो शेतकऱ्याचा, फोन शेतकऱ्याचा, कचेरी त्याच्याच कराच्या पैशावर चालते, आणि फोटो बघायची परवानगी तिसऱ्याच कुणाच्या खिशात.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. १९९४ च्या अखेरीस जीआयएफच्या आतल्या तंत्रावर युनिसिस कंपनीने पेटंटचे पैसे मागायला सुरुवात केली. जगभरचे प्रोग्रामर चिडले आणि त्यांनी पीएनजी हा खुला प्रकार उभा केला. आज तुम्ही जे स्क्रीनशॉट काढता, त्यातले कितीतरी पीएनजीच असतात. चिडण्याचा उपयोग होतो, बरं का!

आमच्या धंद्यातली गोष्ट तर आणखी वाईट. लग्नाचे, जत्रेचे, सभांचे फोटो काढणारे आमचे स्टुडिओवाले मित्र 'रॉ' फोटो काढतात. जुन्या भाषेत सांगायचं तर ती निगेटिव्ह. पण ही निगेटिव्ह प्रत्येक कंपनीची वेगळी. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. कॅननची आधी सीआर२, मग २०१८ पासून सीआर३. तिच्या आतली रचना कंपन्या नीट जाहीर करत नाहीत. १९९७ मध्ये डेव्ह कॉफिन या माणसाने फायली उलगडून बघत बघत 'डीसीरॉ' हा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. आज अनेक फुकट सॉफ्टवेअर त्याच्या खांद्यावर उभी आहेत. कॅननची नवी निगेटिव्ह 'डार्कटेबल' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधली तीन-चार वर्षं तो कॅमेरा घेतलेल्याने काय करायचं? अडोबीने २००४ मध्ये डीएनजी हा जाहीर रचनेचा प्रकार आणला. लायका, पेंटॅक्स यांनी तो घेतला. मोठे तिघे आपापली शेपटी धरून बसले.

माझ्याकडे अठरा वर्षांचे फोटो आहेत. पुराचे, मोर्चांचे, आता हयात नसलेल्या कार्यकर्त्यांचे. मागच्या वर्षी एक जुनी डिस्क लावली तर एका आख्ख्या फोल्डरवर राखाडी चौकोन. डिस्क ठणठणीत, फायली शाबूत, पण नव्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर त्या ओळखेना. गावाची आठवण कुलपात आणि किल्ली बनवणारा धंदा बंद करून गेलेला. दोन रात्री खटपट करून एका फुकट सॉफ्टवेअरने ते उघडले. मला जमलं. म्हाताऱ्याला कसं जमावं?

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत.

"सेटिंग बदला की!" बरोबर. आयफोनवाल्यांनी आजच बदला : सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'. आणि पुराव्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आतली माहिती टिकते. पण पीक वाहून गेलेल्या सकाळी माणूस सेटिंग बघेल, ही अपेक्षाच निर्लज्ज आहे. आणि काढून झालेल्या फोटोंचं काय?

"इतके प्रकार उघडायला लावले तर व्हायरस शिरेल." हा आक्षेप मात्र खरा आहे, उडवून लावणार नाही. फायलीचा प्रत्येक नवा प्रकार म्हणजे घराला एक नवा दरवाजा. २०२३ च्या सप्टेंबरात वेबपी उघडणाऱ्या कोडमध्ये मोठं भोक सापडलं आणि क्रोमसकट सगळ्यांना धावपळ करून दुरुस्ती करावी लागली. पण ती झाली, काही दिवसांत झाली, कारण कोड सगळ्यांसमोर होता. दरवाजाला राखण लागते, म्हणून दरवाजाच नको, असं कोणी म्हणतं का?

"पैसे कोण देणार?" डिजिकॅमसारखं फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जेपीजी, पीएनजी, एचईआयसी, वेबपी, बहुतेक कॅमेऱ्यांच्या रॉ फायली, सगळं उघडतं. बनवणारे बरेचसे स्वयंसेवक आहेत. आमच्याकडे कोट्यवधींच्या निविदा निघतात आणि पोर्टल काय म्हणतं? 'फोटो फक्त जेपीजी, २० ते ५० केबी.' ही अट यंत्राची नाही, आळसाची आहे.

केंद्र सरकारने २०१० मध्येच ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. रॉयल्टी न लागणारी मानकं वापरा, असं त्यात म्हटलंय. मी त्याला फक्त दुसरी बाजू जोडतो : सरकारने स्वतः द्यायचं ते खुल्या प्रकारात द्यावं, आणि लोक जे घेऊन येतील ते उघडावं.

म्हणून मागण्या तीनच.

१. लोकांकडून फोटो घेणाऱ्या प्रत्येक पोर्टलने सगळे प्रचलित प्रकार घ्यावेत. जेपीजी करायचं काम सर्व्हरने करावं, शेतकऱ्याने नाही. मूळ फाईल आतल्या तारीख-जागेसह जपावी.

२. फोटो उघडला नाही तर 'कोरी फाईल' म्हणायचं नाही. 'आमच्याकडे उघडत नाही' असं लेखी द्यायचं आणि अर्जाची तारीख पहिल्या दिवसाचीच धरायची.

३. निविदेत अट टाका : नवीन प्रकार आला की कंत्राटदाराने ठरलेल्या मुदतीत तो जोडायचा.

दुसऱ्या मागणीला तर एक रुपयाही लागत नाही. साधं परिपत्रक पुरतं. मी लेखी निवेदन तयार केलंय, सोमवारी तहसीलमध्ये देतोय. तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर कमेंटमध्ये लिहा, गाव आणि महिना सांगा, निवेदनाला जोडतो. पटलं नाही तर खुशाल भांडा.

त्या म्हाताऱ्याचे फोटो माझ्या लॅपटॉपवर उघडतात. टाकी दिसते, पाणी दिसतं, तारीख दिसते. सोमवारी लॅपटॉप घेऊनच जाणार आहे.