धान्य बाजारांत आल्यावर माप बदललें

शेतकरी वर्षभर खपून गाडी भरतो आणि बाजाराची वाट धरतो. घरून निघतांना त्यानें आपलें धान्य पायलीनें मोजलेलें असतें. अडत्याच्या दारांत गाडी सुटल्यावर अडत्या म्हणतो, "कालची पायली आज चालत नाहीं, आजपासून आमचें माप निराळें." अशा वेळीं शेतकरी काय म्हणेल? नवी पायली लहान कीं मोठी, हा वाद तो मागाहून घालील. पहिला प्रश्न तो हाच विचारील कीं, बाबा, मी पेरलें तेव्हां तूं हें कां सांगितलें नाहींस? वाचकहो, कॉलेजच्या दारांत आमच्या मुलांचें गेलीं कित्येक वर्षें हेंच चाललें आहे, आणि त्या दारांत हा प्रश्न विचारणारा मात्र कोणी दिसत नाहीं.

इंजिनियरिंगचें पहा. ह्या राज्यांत त्यासाठीं राज्याची सीईटी होती. २०१४ सालीं ती बाजूस सारली आणि केंद्राची जेईई मेन व बारावीचे गुण ह्यांची जोड लावून यादी करण्याचें ठरलें. दोन वर्षें तें चाललें, आणि २०१६ सालीं पुन्हां राज्याची सीईटी आली. ज्या घरांतला थोरला २०१३ सालीं परीक्षेस बसला, मधली २०१५ सालीं बसली आणि धाकटा २०१६ सालीं बसला, त्या एका घरानें तीन वर्षांत तीन मापें पाहिलीं. शहरांत ह्याचें कांहीं वाटत नाहीं. तेथें क्लासवाला बदललें कीं काम भागतें. गरिबाच्या घरीं थोरल्याचीं पुस्तकें व वह्या धाकट्याच्या उपयोगीं पडतात, आणि तोच त्यांचा क्लास असतो. तो क्लास ह्या फेरबदलांनीं मोडला, ह्याची नोंद कोणत्या सरकारी कागदांत झाली असेल?

डॉक्टरीची हकीकत तर ह्याहून कठीण. नीट नांवाची सर्व देशाची एक परीक्षा ५ मे २०१३ रोजीं पहिल्यानें झाली. १८ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली. पुढें ११ एप्रिल २०१६ रोजीं त्याच न्यायालयानें आपला निकाल मागें घेतला, आणि २८ एप्रिलला हुकूम केला कीं ह्याच वर्षीं नीट घ्यावी, एक टप्पा १ मे रोजीं व दुसरा २४ जुलै रोजीं. आमच्या राज्याची सीईटी ५ मे रोजीं ठरलेली होती. म्हणजे परीक्षेस एक आठवडा राहिला असतां मुलांस कळलें कीं, ज्या परीक्षेसाठीं दोन वर्षें रात्रीचे दिवस केले ती कदाचित् धरलीच जाणार नाहीं. तरीहि मुलें ५ मेला जाऊन बसलीं. मग २४ मे रोजीं केंद्र सरकारनें वटहुकूम काढला व त्या वर्षापुरत्या राज्याच्या सरकारी जागा नीटमधून सोडविल्या. २०१७ पासून मात्र सवलत संपली.

त्या मे महिन्यांतली एक गोष्ट आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. आमच्या गांवचा एक लोहार भाता बंद करून शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. त्याची मुलगी राज्याच्या बोर्डाचें पुस्तक अक्षरन् अक्षर पाठ करून बसली होती. तो म्हणाला, "गुरुजी, पोरीनं दोन सालं वाचलं त्ये आता चालत न्हाई म्हणत्यात. मग कोन्तं वाचायचं?" नीटचा रोख एनसीईआरटीच्या अकरावी व बारावीच्या पुस्तकांवर, राज्याच्या सीईटीचा राज्याच्या पुस्तकांवर, नीटमध्यें चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात, सीईटींत कापीत नसत. हें सारें आम्हीं त्याला समजावून सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "ह्ये तिला आठवीतच कुनी सांगितलं असतं तर?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें. ती मुलगी पुढें बी. एस्सी. झाली व चांगली झाली. परंतु तिच्या मनांतलें तें नव्हतें.

आतां कोणी म्हणतील कीं हें गुरुजी परीक्षेच्याच विरुद्ध दिसतात. तसें मुळींच नाहीं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आडनांव नसतें, आणि ज्यांचा वशिला नाहीं त्यांस ती एक ढालच आहे. नीट येण्यापूर्वीं खासगी व अभिमत कॉलेजें आपापल्या निराळ्या परीक्षा घेत, त्यांचे निराळे फॉर्म व निराळी फी असे, आणि कित्येक ठिकाणीं जागा कशा भरल्या जात हें सर्वांस ठाऊक आहे. ती दुकानदारी एका परीक्षेनें पुष्कळ आवरली हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. बारावीच्या गुणांवरच सर्व सोंपवावें तर कॉपीचीं केंद्रें कोठें कोठें आहेत हें मास्तरांपेक्षां जास्त कोणाला माहीत? तेव्हां परीक्षा असो. परंतु परीक्षा एक केली म्हणजे न्याय झाला, असें जें छातीठोकपणें सांगतात त्यांनीं मद्रासेकडे पाहावें.

तामिळनाडूमध्यें २००७ पासून प्रवेशपरीक्षा काढून टाकून बारावीच्या गुणांवर डॉक्टरीच्या जागा भरीत. नीट आल्यावर काय झालें हें पाहण्यासाठीं तेथील सरकारनें २०२१ सालीं निवृत्त न्यायमूर्ति ए. के. राजन ह्यांची समिति नेमली. समितीच्या अहवालांतले दोन आकडे आमच्या वाचकांनीं भिंतीवर लिहून ठेवावे. तमिळ माध्यमांतून शिकून डॉक्टरीस गेलेलीं मुलें २०१६–१७ सालीं शेंकडा चौदापंधरा होतीं. नीटनंतर तीं शेंकडा दोनतीनच्या घरांत आलीं. आणि पहिल्या खेपेस न बसतां पुन्हां बसून जागा मिळविणारीं मुलें शेंकडा १२ च्या आसपास होतीं, तीं २०२०–२१ सालीं शेंकडा ७१ झालीं. दुसऱ्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. परीक्षा ज्ञानाची आहे हें खरें, परंतु तीबरोबर बारावीनंतर एक वर्ष, दोन वर्षें मुलाला बसवून खाऊं घालण्याची ऐपतहि मोजली जाऊं लागली. सातबाऱ्यावर दोन एकर असलेला बाप मुलाला एक वर्ष लातूरला किंवा कोट्याला ठेवूं शकतो काय? ठेवतो, दोनांतला एक एकर विकून ठेवतो. तामिळनाडूनें २०२० सालीं कायदा करून सरकारी शाळेंत शिकलेल्या मुलांसाठीं नीटच्याच यादींतून शेंकडा साडेसात जागा राखल्या. आमच्या राज्यांत असा विचार जिल्हा परिषदेच्या शाळेंतल्या मुलांसाठीं कोणीं जोरानें मांडलेला आम्हीं ऐकला नाहीं.

भाषेचा प्रश्न निराळाच आहे. नीट मराठींतहि देतां येते, असें मोठ्या कौतुकानें सांगतात. २०२० सालीं सुमारें १६ लाख मुलांनीं नांवें नोंदविलीं. त्यांत मराठी प्रश्नपत्रिका मागणारीं सहा हजारांच्या आसपास. इतकीं थोडीं कां? कारण आमचें मूल दहावीपर्यंत मराठींत शिकतें आणि अकरावीला विज्ञान घेतल्याबरोबर पुस्तक इंग्रजी, शिकविणें इंग्रजी. दोन वर्षें ज्या शब्दांत शिकलें नाहीं त्या शब्दांत तें पेपर कसें देणार? आणि दिलाच, तर माहितीपुस्तकांत नियम असा कीं भाषांतरांत संदिग्धता असेल तर इंग्रजी मजकूर प्रमाण. २०१८ सालीं तमिळ प्रश्नपत्रिकेंत ४९ प्रश्नांच्या भाषांतरांत चुका असल्याचें मद्रास उच्च न्यायालयापुढें आलें. त्या न्यायालयानें १९६ गुण देण्याचा हुकूम केला, तो सर्वोच्च न्यायालयानें फिरविला. १९६ गुण सरसकट देणें योग्य नव्हतें हें आम्हांसहि पटतें. पण चूक करणारा कोण आणि तिचा भुर्दंड भरणारा कोण, हा हिशेब तसाच राहिला.

नियम बदलल्यानें अन्याय होतो हें ह्या देशांतील सुशिक्षितांस कळत नाहीं असें नाहीं. त्यांस तें फार पूर्वीं कळलें होतें. विलायतेंतल्या सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस बसण्याची वयाची वरची मर्यादा १८७८ पासून २१ वरून १९ वर आणली, तेव्हां देशभर सभा झाल्या. परीक्षा सर्वांस एकच, पेपर सर्वांस एकच, मग तक्रार कसली, असें इंग्रज विचारीत. त्यावर उत्तर होतें कीं, समुद्र ओलांडून एकोणिसाव्या वर्षाच्या आंत परक्या भाषेंत परीक्षा देणें आमच्या मुलांस अशक्य आहे. १८८५ सालीं राष्ट्रीय सभेच्या पहिल्याच बैठकींत ठराव झाला कीं परीक्षा हिंदुस्थानांतहि घ्यावी व वय वाढवावें. त्या वेळीं जें उत्तर लंडनला दिलें तेंच उत्तर आज आमचा कुणबी दिल्लीला देतो, तर तो गुणवत्तेचा शत्रु ठरतो! त्याच्या तीन वर्षें अगोदर, १८८२ सालीं, जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें मांडलें होतें कीं महसूल रयतेच्या घामाचा आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. शाहू महाराजांनीं तर २६ जुलै १९०२ रोजीं निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढण्याच्या आधींच वसतिगृहें सुरू केलीं होतीं. दार उघडून भागत नाहीं, दारापर्यंत येणाऱ्याच्या राहण्याजेवण्याची सोय पाहावी लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां अलीकडचे बदल. २०२१ सालीं नीटमध्यें २०० प्रश्नांतून १८० सोडविण्याची मुभा दिली. ती परीक्षा १२ सप्टेंबरला, आणि हें कळलें जुलैंत. ही मुभा २०२५ सालीं काढून घेतली. त्याची सूचना जानेवारीच्या अखेरीस आणि परीक्षा ४ मे रोजीं. म्हणजे शंभर दिवस. २०२४ सालीं शेवटच्या यादींत १७ मुलांना ७२० पैकीं ७२० गुण होते. २०२५ सालीं सर्वांत वरच्याला ६८६. ह्या दोन वर्षांचे पेपर एकाच पायलीचे होते असें कोण म्हणेल? पेपर कठीण असल्यास सर्वांना कठीण, असें म्हणतात. परंतु कठीण पेपरांत कोणता प्रश्न सोडून द्यावा ही कला क्लासमध्यें पैसे देऊन शिकवितात, शाळेंत नाहीं. जेईई मेन २०१९ पासून वर्षांतून दोनदां होऊं लागली व दोहोंपैकीं चांगला निकाल धरूं लागले. ही गोष्ट ऐकावयास गोड आहे, पण दोनदां फी, दोनदां एसटीचें भाडें आणि बरोबर जाणाऱ्या बापाचे दोन रोज बुडालेले, हे कोण देतो? डॉक्टरीसाठीं वयाची वरची अट २०२२ सालीं काढली, तिच्याविषयीं मात्र आमचें मत बरें आहे. पैसेवाल्याला तिनें आणखी खेपा मिळतील हें खरें, परंतु लग्न झालेली मुलगी किंवा घर सांवरण्यासाठीं शाळा सोडलेला मुलगा पुन्हां बसूं शकतो.

पेपर फुटण्याबद्दल काय लिहावें! ५ मे २०२४ च्या नीटचा पेपर पाटणा व हजारीबाग येथें फुटल्याचें सर्वोच्च न्यायालयानेंच २३ जुलैच्या हुकुमांत मान्य केलें, मात्र सबंध परीक्षा रद्द केली नाहीं. १,५६३ मुलांना वेळ वायां गेल्याबद्दल दिलेले वाढीव गुण परत घेऊन २३ जूनला फेरपरीक्षा ठेवली, तिला ८१३ जणच बसलीं. आमच्या राज्याच्या सीईटींतहि २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रांत गणिताच्या ५० पैकीं २१ प्रश्नांचे पर्याय चुकले, आणि सुमारें २७ हजार मुलांस ५ मे रोजीं पुन्हां परीक्षा द्यावी लागली. चूक कबूल केली हें बरें झालें. पण २१ प्रश्नांशीं झटून, आपणच मठ्ठ आहों असें वाटून रडत बाहेर आलेल्या मुलीला तें दुसऱ्या दिवशीं कळून काय उपयोग?

आमचें मागणें फार मोठें नाहीं. मूल अकरावींत ज्या दिवशीं नांव घालतें त्या दिवशीं जो नियम असेल तोच त्याच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत चालला पाहिजे. बदल करावयाचा तर तो पुढच्या अकरावीसाठीं करावा. हें मागणें मान्य करण्यास सरकारास एक पैसा खर्च नाहीं. मराठी प्रश्नपत्रिका घ्यावयाची तर अकरावी-बारावीचें विज्ञान मराठींतहि शिकतां येईल अशीं पुस्तकें आधीं हवींत, आणि मराठी मजकुराची चूक निघाली तर ती मुलाच्या माथीं मारूं नये. शिवाय दर वर्षीं निकालाबरोबर हें छापावें कीं जागा मिळालेल्यांत सरकारी शाळेचीं मुलें किती, मराठींत शिकलेलीं किती, पहिल्या खेपेचीं किती. तामिळनाडूला हा हिशेब मांडतां आला; महाराष्ट्राला न येण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

हा हिशेब सरकार मांडीपर्यंत आपण आपल्यापुरता मांडावा. ज्यांच्या घरांतलें मूल २०१६ नंतर ह्यांपैकीं कोणत्याहि परीक्षेस बसलें असेल त्यांनीं एक कार्ड लिहून आम्हांस कळवावें: मूल कोणत्या माध्यमांत शिकलें, केंद्र गांवापासून किती कोस होतें, कितव्या खेपेस बसलें, एकूण खर्च किती आला व तो कोठून केला. नांव न घातलें तरी चालेल, तालुका घालावा. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं गांवच्या मास्तरांकडून लिहवून घ्यावें. मास्तर नाहीं म्हणणार नाहींत.