माझा गोल मला परत द्या

माझ्या घरातला एक आवाज गेल्या पाच-सहा वर्षांत बंद पडला आहे. शनिवारी रात्री विलायतेतला फुटबॉलचा सामना लागला आणि गोल झाला, की मी ओरडत असे. कोल्हापूरला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, तालमी-तालमींच्या सामन्यांत तयार झालेला गळा आहे हा. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काठीने छत ठोकीत आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले, की ‘काल किती झाले?’ म्हणून विचारीत. आता ते बापडे स्वस्थ झोपतात. गोल होतो, मी अर्धा उठतो, तोंड उघडतो, आणि शेजारी बसलेला नातू सदरा ओढून म्हणतो, ‘थांबा आजोबा, अजून बघताहेत ते.’

बघताहेत ते! कोण ते? तर मैदानापासून कोसच्या कोस दूर, लंडनच्या पश्चिमेला स्टॉकली पार्क नावाच्या ठिकाणी, पडद्यांसमोर बसलेले पंच. मैदानातल्या पंचाने दिलेला निकाल ही मंडळी चित्रफीत मागेपुढे करून तपासतात. या व्यवस्थेचे नाव ‘व्हिडिओ असिस्टंट रेफ्री’. आद्याक्षरे जुळवून लोक तिला ‘वार’ म्हणतात. मराठीत हे नाव इतके चपखल बसते, की भाषांतराचे कामच उरत नाही. २०१८ च्या रशियातल्या विश्वचषकात हा वार चालू झाला, २०१९ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आला, आणि आपण आलो आहोत ते कमीत कमी ढवळाढवळ करून जास्तीत जास्त लाभ देण्यासाठी, असे सांगत आला. पाहुणेही येताना असेच सांगतात.

ज्यांना ऑफसाइड ठाऊक नाही, त्या वाचकांसाठी (आमच्या सौभाग्यवती त्यांतल्याच) दोन शब्द. पंगत बसायच्या आधीच पानावर ठाण मांडून श्रीखंडाची वाट पाहणारा एखादा इसम असतो ना, तसा माणूस प्रतिपक्षाच्या गोलापाशी फुकटचा उभा राहू नये, म्हणून हा नियम. चेंडू त्याच्याकडे ढकलला जातो त्या क्षणी तो चेंडूच्या पुढे असेल, आणि त्याच्या व गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे दोन गडी नसतील, तर तो ऑफसाइड. पूर्वी तीन गडी लागत. १९२५ साली दोन केले. १९९० साली बरोबरीत उभा असलेला माणूसही निर्दोष ठरवला. दोन्ही वेळा नियम सैल झाला तो गोल व्हावेत म्हणून. नियमाचा रोख आयतोबावर होता. कोणाच्या अंगठ्याचे नख पुढे आले, हे मोजण्यासाठी तो कोणी लिहिला नव्हता.

आता काय चालले आहे पाहा. ७ नोव्हेंबर २०२० रोजी लीड्सच्या पॅट्रिक बॅमफर्डने क्रिस्टल पॅलेसविरुद्ध गोल केला. धावता धावता ‘चेंडू इकडे दे’ म्हणून त्याने हात पुढे करून दाखवले होते. त्या हाताचा खांद्यालगतचा भाग रेषेपुढे गेला, म्हणून गोल रद्द! २९ जून २०२४ रोजी युरोपीय अजिंक्यपदाच्या सामन्यात डेन्मार्कने जर्मनीला गोल मारला. डिलेनीच्या बुटाचे टोक पुढे होते, गोल रद्द. ज्याचा गोल गेला त्याच अँडरसनच्या हाताला काही मिनिटांत चेंडू निसटता लागला. चेंडूच्या पोटात बसवलेल्या यंत्राने हृदयाच्या आलेखासारखी एक उसळी काढून दाखवली, आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली.

यावर शहाणी माणसे म्हणतात, ‘पुढे म्हणजे पुढे. न्याय म्हणजे न्याय.’ ठीक आहे, मोजूनच पाहू. प्रीमियर लीगमध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा ज्या कॅमेऱ्यांवर रेषा आखीत, ते सेकंदाला ५० चित्रे घेत. जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला आठ-नऊ मीटर जातो. म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात येईपर्यंत तो जवळजवळ वीतभर सरकलेला असतो. पाय चेंडूला नेमका कोणत्या चित्रात लागला, की दोन चित्रांच्या मध्येच लागला? वीतभर अंधारात बसून हे लोक केसाएवढी रेष आखीत होते आणि त्याला न्याय म्हणत होते! आमचा कापडदुकानदार यापेक्षा प्रामाणिक. तो बोटभर सोडून मोजतो.

पुढे यंत्र सुधारले, हे मान्य करतो. २०२२ च्या कतारमधल्या विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू टिपले जात होते, आणि चेंडूतले यंत्र सेकंदाला ५०० वेळा खबर देत होते. हीच जातकुळी इंग्लंडात एफ. ए. कपाच्या पाचव्या फेरीत आली. १ मार्च २०२५ रोजी बोर्नमथच्या केर्केझचा गोल झाला, गोलापुढे खेळाडूंची गर्दी होती, यंत्र गोंधळले, आणि माणसांनी पुन्हा हाताने रेषा ओढायला घेतल्या. आठ मिनिटे! आठ मिनिटांत आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. शेवटी गोल रद्द झाला. फायदा झाला तो वुल्व्हजचा, म्हणजे ज्या क्लबाने जून २०२४ मध्ये ‘वार नको’ असा ठराव आणून १९ विरुद्ध १ असा सपाटून मार खाल्ला होता, त्याच क्लबाचा.

बरे, इतके करून चुका तरी थांबल्या? ३० सप्टेंबर २०२३ ची रात्र मी विसरणार नाही. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासने गोल केला. रेषापंचाने निशाण उचलले, ते चुकून. खोलीतल्या पंचाने पाहिले, गोल स्वच्छ होता. पण मैदानात गोल दिला गेलाच आहे अशा समजुतीने तो ‘तपासणी पूर्ण’ म्हणून मोकळा झाला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर खोलीत हाहाकार. पण सुरू झालेला खेळ मागे नेता येत नाही, असे नियमच सांगतो. लिव्हरपूल शेवटच्या क्षणी १-२ ने हरले. पुढे त्या खोलीतले संभाषण प्रसिद्ध झाले. ते मी ऐकले आणि पंचांचा राग येण्याऐवजी कीवच आली. चूक तीच, माणसाचीच. फक्त उन्हापावसातून उचलून वातानुकूलित खोलीत नेऊन ठेवलेली.

मी यंत्राचा वैरी नव्हे. १९८६ साली मॅराडोनाने हाताने मारलेला गोल आणि २००९ साली आंरीच्या हाताने बुडालेले आयर्लंड मी विसरलेलो नाही. चेंडू गोलरेषेपार गेला की नाही, हे पंचाच्या मनगटावरचे घड्याळ क्षणात सांगते. त्याविरुद्ध मी कधी अवाक्षर काढले नाही. एक प्रश्न, एक ठोका, एक उत्तर. तिथे प्रेक्षकाला ताटकळत ठेवीत नाहीत. माझे भांडण या ताटकळण्याशी आहे. गोल हा फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एकदा-दोनदा यायचा, कधी तेवढाही नाही. त्या एका क्षणासाठी माणूस पदरमोड करून येतो, परक्याच्या गळ्यात पडतो. तोच क्षण यांनी हप्त्यांवर विकायला काढला आहे.

नॉर्वेतल्या लोकांनी जुलै २०२४ मध्ये ट्रोन्हाइमला मैदानावर मासळीचे कटलेट फेकून सामना बंद पाडला. (आमच्या मालवणच्या मित्राने हे ऐकून फक्त अन्नाच्या नासाडीबद्दल हळहळ व्यक्त केली.) तरी मार्च २०२५ मध्ये तिथल्या महासंघाने ३२१ विरुद्ध १२९ मतांनी वार ठेवलाच. स्वीडनमध्ये क्लबांची बहुसंख्य मालकी सभासदांकडे, म्हणजे प्रेक्षकांकडेच असते. तिथे २०२४ मध्ये वार दारातूनच परत पाठवला. ज्याच्या हाती मत, त्याच्या वाट्याला गोल.

आर्सेन वेंगर म्हणतात, आक्रमकाचे पूर्ण अंग पुढे गेले तरच ऑफसाइड धरा. विद्वान माणूस, पण मग अंगठ्याऐवजी टाच मोजतील, एवढेच. माझी सूचना त्याहून अडाणी आहे. खोलीतल्या पंचाला तीस सेकंद द्या. रेषा नको, चित्र थांबवणे नको; साध्या वेगाने, साध्या डोळ्यांनी पाहा. दिसली चूक तर सांगा, नाही दिसली तर मैदानातल्या माणसाचा शब्द अखेरचा.

नातवाला मी हे मोठ्या ऐटीत ऐकवले. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘पण आजोबा, ते तीस सेकंद तरी ओरडायचं की नाही?’