सुतारकी कराले बसला काय?

मोबाइलवर लाकूडकामाच्या रील्सना सध्या चांगले दिवस आहेत. टेबलावर एक छोटं मशीन, त्यात दोऱ्याएवढं बारीक पातं खालीवर नाचतंय, आणि दोन हात एक फळी अशी काही फिरवतात की तीस सेकंदांत त्यातून मोर बाहेर पडतो. नाहीतर कुणाच्या तरी नावाची पाटी. या मशीनला स्क्रोल सॉ म्हणतात. आपल्याकडची पोरंपोरीही हे बघतात, सेव्ह करतात आणि पुढच्या रीलवर जातात. सेव्ह केलेलं एकदा खरंच करून बघा, एवढं सांगण्यासाठी आजची ही जागा.

घरी सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला आहे. ‘काहून बे, डिग्री सोडून सुतारकी कराले बसला काय?’ मुलगी असेल तर प्रश्न आणखी लांब होतो. तो हसून सोडून देण्यासारखा नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत पोरांना शिकायला अमरावती-अकोल्याला पाठवलं ते याचसाठी, की त्यांच्या हाताला घट्टे पडू नयेत. ज्यांनी कोरडवाहू कापसात आयुष्य काढलं, त्यांना हातानं करायच्या कामाचं कौतुक कुठून असणार? त्यांचं चुकतंय असं म्हणायची आमची हिंमत नाही. पण यात एक गडबड झाली. हाताचं काम ही नापास होणाऱ्याची शिक्षा बनली. ‘अभ्यास नाही केला तर गॅरेजवर बसवीन’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. आणि अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास बसणाऱ्या कितीतरी मुलांना आज भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही, हेही खरं आहे.

गावातला वाढई बाभळीच्या लाकडातून वखर, तिफन, बंडीचं चाक घडवायचा. कोन मोजायला त्याच्याकडे कंपासपेटी नव्हती, पण चाक गोल व्हायचं. त्याला आपण बलुतेदार म्हणून ओसरीबाहेर बसवलं. आता तेच काम इंग्रजी नावानं मोबाइलवर आलं की ‘किती भारी’ म्हणतो. छंदाला लाइक आणि धंद्याला हिणवणं, हा व्यवहार काही बरा नाही. म्हणून आमची एक अट आहे. हा छंद धरायचा तर आधी जवळच्या मिस्त्रींकडे जा, ‘काका, जरा दाखवता का’ म्हणून विचारा. चार रविवार त्यांच्या दुकानात बसून जे कळेल ते चाळीस व्हिडिओंत कळणार नाही. व्हिडिओवाला मोडलेलं पातं दाखवत नाही.

आपल्या भागाला हा विचार नवा नाही. शेजारच्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. शाळेतलं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून व्हावं, ही तिची मूळ कल्पना. पुढे राष्ट्रपती झालेले झाकीर हुसेन त्यानंतरच्या समितीचे अध्यक्ष होते, आणि समितीनं सुचवलेल्या उद्योगांत सूतकताईच्या जोडीला सुतारकामही होतं. त्या नई तालीमचं पुढे आपल्या शाळांत काय उरलं? कार्यानुभवाचा एक तास. त्या तासाला तुम्ही काय केलं ते आठवून बघा, बहुतेकांना थर्माकोल आठवेल. दुसरीकडे आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटातल्या लवाद्याला, सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथल्या आदिवासी कारागिरांच्या हातच्या बांबूच्या राख्या शहरांत पोचल्या. हातातलं कसब पोट भरू शकतं, याचा पुरावा बघायला धारणीच्या पलीकडे जायची गरज नाही.

आता कामाचं बोलू. मशीन घेऊ नका. निदान लगेच नाही. बऱ्यापैकी स्क्रोल सॉची किंमत पाच आकड्यांत जाते आणि हॉस्टेलच्या खोलीत तो आवाज कुणी दोन दिवसही ऐकून घेणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात फ्रेट सॉ मागा. लांब यू आकाराची लोखंडी चौकट, खाली मूठ आणि मध्ये ताणून बसवलेलं बारीक पातं. दोन-चारशे रुपयांत काम सुरू होतं, आणि वीज गेली तरी थांबत नाही. पात्याचे दात खाली, मुठीकडे असावेत, कारण कापायचं ते खाली ओढताना. फळीला आधार म्हणून इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला लाकडाचा तुकडा टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं घट्ट बसवा. खाचेत पातं नाचतं, दोन्ही बाजूंना फळी टेकते. महिनाभर यावर हात बसला की मशीनवर तुमचा अर्धा अभ्यास झालेला असतो, आणि छंद टिकणार की नाही तेही कळलेलं असतं.

नवशिक्याची निम्मी पाती ताण चुकल्यानं मोडतात. ढिलं पातं वळणावर तिरकं होतं आणि तुटतं. पातं बसवल्यावर बोटानं छेडून बघा. एकतारीसारखा बारीक, स्पष्ट सूर आला तर ठीक, नुसतं थडथडलं तर अजून ताणा. पात्यांना नंबर असतात. नंबर जसा मोठा, तसं पातं जाड. चार-सहा मिलिमीटरच्या प्लायला २ किंवा ३ नंबर पुरतो, बारा ते अठरा मिलिमीटरच्या लाकडाला ५ नंबर घ्या. डझनानं घेऊन ठेवा, कारण पातं ही खडूसारखी संपणारी वस्तू आहे. फळी पुढे जायला जोर लावावा लागतोय असं वाटलं की पातं बोथट झालं म्हणायचं. ते तिथेच बदला. कंजुषी करून ढकलत राहिलात की लाकूड जळून काळं पडतं.

मशीनवर बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फारसं कुणी आधी सांगत नाही. साधी पाती पत्र्यातून ठोकून काढलेली असतात, त्यामुळे दातांच्या एका बाजूला बारीक बूर राहतो. म्हणून फळी सरळ पुढे सरकवली तरी काप हळूहळू एका बाजूला, बहुधा उजवीकडे, सरकतो. हात वाकडा आहे असं समजून पोरं नाराज होतात. हात ठीक आहे, फळी थोडी तिरकी धरून पुढे न्या, रेघ सापडते. टोकदार कोपरा आला तर पुढे ढकलणं थांबवा, पातं चालू राहू द्या आणि फळी जागेवर फिरवा. ते जमेपर्यंत कोपऱ्याच्या बाहेर, टाकाऊ भागात, एक छोटा गोल फेरा मारून परत रेघेवर या.

नक्षी कागदावर काढून गोंदाच्या कांडीनं फळीवर चिकटवा. फळीवर आधी पॅकिंगची चिकटपट्टी लावून तिच्यावर कागद चिकटवला तर दोन फायदे होतात. कागद शेवटी सालीसारखा निघतो, आणि त्या पट्टीमुळे पातं कमी तापतं. जाळीकामात आतले तुकडे आधी काढायचे. दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडवून भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं. बाहेरची कड सगळ्यात शेवटी. आधी बाहेरून कापलंत तर धरायला काही उरत नाही आणि बोटं पात्याजवळ जातात.

बोटांचा विषय निघालाच आहे. मशीनवर पातं बदलताना प्लग काढलेला हवा, फक्त बटण बंद केलेलं चालणार नाही. ओढणी, सैल बाही, मोकळे केस बांधून घ्या. डोळ्यांना चष्मा लावा. धुळीला मात्र सगळेच हलकं समजतात. सागाच्या भुशानं काहींच्या अंगाला खाज सुटते, घसा धरतो. एमडीएफची धूळ तर पिठासारखी उडते आणि तिच्यात रसायनी गोंदही असतो. एन-९५ मास्क लावा, काम गच्चीवर किंवा अंगणात करा, वाऱ्याकडे पाठ करून.

लाकूड कुठून आणायचं? परतवाड्यासारखी सागवानाची बाजारपेठ आपल्या जिल्ह्यात आहे, तरी सुरुवात सागानं करू नका. साग महाग, आणि त्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असल्यानं पाती लवकर बोथट होतात. आरामशीनवर आणि फर्निचरच्या दुकानांत प्लायचे, हलक्या लाकडाचे तुकडे उरतात, ते मागा. पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या शिकायला उत्तम, फक्त आधी खिळे काढा. आणि ‘जंगलातून आणलंय, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडून एक वीतभर तुकडाही घेऊ नका. सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी, मेळघाटच्या झाडावर आपली की-चेन निघू नये.

मेळघाटावरून एक आठवलं. कोरकू लोक आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या कोरीव फळ्या उभ्या करतात, त्यांना मुंडा म्हणतात. त्यांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. नक्षी म्हणून फार देखण्या, आणि स्क्रोल सॉवर सहज उतरतील अशा. तरी त्या भिंतीवरच्या शोभेसाठी कापू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या घरातली ती आठवण आहे. जाऊन बघा, समजून घ्या, वही काढून रेघांचा अभ्यास करा, तिथवर ठीक.

शेवटचा हात मारायला बाजारातलं पॉलिश असतंच, पण आपल्याकडे पिकणाऱ्या जवसाचं तेल लाकडाला फार छान रंग देतं. आधी काचपेपर १५० नंबरचा, मग २२०, मग ३२०. नंतर तेलाचा पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढायचं. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, थोडं थांबावं लागतं. इथे एक धोका नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तेल वाळताना तयार होणारी उष्णता आतच साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना तर अजिबात विषाची परीक्षा नको. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. कूलरचीही काळजी घ्या. पातळ अस्सल लाकडाची पाटी कूलरच्या ओल्या झोतात ठेवली की एका बाजूनं फुगते आणि पापडासारखी वाकते. प्लायला तो त्रास कमी.

आणि पहिली वस्तू कोणती करायची? नावाची पाटी सगळेच करतात. तुम्ही तान्ह्या पोळ्याचा बैल करा. श्रावण अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी विदर्भातली चिल्लीपिल्ली लाकडी नंदी घेऊन निघतात. आता त्यांत प्लास्टिकचेही दिसतात. बारा मिलिमीटर जाडीचे तीन थर घ्या. मधल्या थरात डोकं, शिंगं, वशिंड आणि शेपूट, पाय नाहीत. बाहेरच्या दोन थरांत पोट आणि पाय. लाकडाच्या रेषा बाहेरच्या थरांत उभ्या, पायांच्या दिशेनं हव्यात, आडव्या आल्या तर पाय पहिल्याच पडण्यात तुटणार. शिंगं फार बारीक करू नका, लहान पोर बैल शिंगालाच धरून उचलतं. तिन्ही थर फेव्हिकॉलनं जोडून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा, कडा इतक्या घासा की गालावर फिरवली तरी बोचू नये. पावसाळी हवेत रंग लवकर वाळत नाही, म्हणून कापायला निदान तीन आठवडे आधी बसा. चाकं रंग पूर्ण वाळल्यावरच लावा, नाहीतर ती आसाला चिकटतात आणि बैल ओढला की घसटत येतो.