पोळीबरोबर लसही

संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून चार कुत्र्यांना पोळी, दूधभात नाहीतर बिस्किटं घालणारी माणसं प्रत्येक वस्तीत असतात. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. नावं ठेवायला नव्हे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती पुरेशी ठेवून झालेली असतात. मला त्यांच्याकडे एक काम मागायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला तितकंसं जमणार नाही.

भटक्या कुत्र्याला रेबीजची लस टोचायची तर आधी ते हाती लागायला हवं. महापालिकेची गाडी वळणावर दिसली की निम्मी कुत्री पसार होतात. तुम्ही हाक मारलीत की तीच कुत्री शेपूट हलवत येतात आणि मान पुढे करून खाजवून घेतात. हा विश्वास पशुवैद्याला विकत मिळत नाही. तुमच्या सवयीचं झालेलं कुत्रं तुम्ही अर्धा मिनिट थोपवून धरलंत, तर टोचून होतं. जे धरू देत नाही त्याच्या नादी लागू नका, ते जाळीवाल्यांचं काम. तुम्ही फक्त त्याची वेळ आणि जागा सांगा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि मग दरवर्षी एक. कुठल्या कुत्र्याला कधी टोचलं हे एका वहीत रंग-खुणांसह लिहून ठेवा, पुढच्या वर्षी फार उपयोगी पडतं.

वस्तीतल्या दहांपैकी सात कुत्र्यांना लस मिळाली आणि ती दरवर्षी मिळत राहिली, की रेबीजला एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जायची वाट सापडेनाशी होते. गोव्यात हे करून झालं आहे. सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून राज्यभर कुत्र्यांना लशी टोचल्या, टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण केली, शाळाशाळांत जाऊन मुलांना समजावलं, पिसाळलेल्या कुत्र्याची खबर द्यायला फोनची सोय केली. सलग तीन वर्षं रेबीजने एकही माणूस दगावला नाही, तेव्हा २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं. यासाठी कुत्री मारावी लागली नाहीत.

‘उचलून लांब सोडून या’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: जागा रिकामी राहत नाही. कचराकुंडी आणि मटणाच्या दुकानामागचं उष्टं तिथेच असतं, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत शेजारच्या वस्तीतली कुत्री येतात. तुमची टोचलेली गेली आणि न टोचलेली आली, असा हा सौदा. भटक्या कुत्र्यांबाबतच्या २०२३ च्या नियमांनुसारही नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं, कानाला खाच पाडून, मूळ जागीच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हेच तत्त्व कायम ठेवलं. पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री त्यातून वगळली, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, एसटी स्थानकं अशा आवारांसाठी वेगळा आदेश दिला. विष घालणं हा तर गुन्हाच आहे.

खायला घालणाऱ्यांनीही थोडं ऐकावं. जिन्यात, फाटकाशी, मुलांच्या खेळायच्या जागी घालू नका. सोसायटीने ठरवून दिलेल्या जागी, ठरलेल्या वेळी घाला आणि उरलेलं उचला. खाताना कुत्री आपसात भांडतात आणि मध्ये सापडतं ते शेजाऱ्याचं पोर. मग तुमच्या भूतदयेचा हिशेब त्याला द्यावा लागतो.

आता एक धोका, जो नेमका कनवाळू माणसालाच असतो. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे तोंडाला फेस आणून दिसेल त्याच्यावर धावणारं, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. पण रेबीजचा दुसरा एक प्रकार मुका असतो. कुत्रं एका बाजूला बसून राहतं, खात नाही, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, मागचे पाय लटपटतात. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलं. तो जवळ जातो आणि काढायला तोंडात बोटं घालतो. असं कधीही करू नका, कुत्रं कितीही ओळखीचं असो. लोकांना लांब ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा.

चावलंच तर काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हे वरवरचं वाटतं, पण या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. त्यावर हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू यांपैकी काहीही लावायचं नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही, टाकेही शक्यतो टाळायचे; डॉक्टरांना तसं विचारा. नंतर त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. कातडीत टोचायची असेल तर त्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. वयस्क मंडळींना अजून पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात आणि त्या भीतीने ती नातवालाही नेत नाहीत. ती जुनी लस २००५ च्या सुमारास भारतात बंद झाली. आताची दंडात देतात.

रक्त आलं असेल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘सीरम देणार ना?’ लशीतून शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात; तोवर विषाणू थोपवायला जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनचं सीरम टोचतात. ते लहान दवाखान्यात बऱ्याचदा नसतं, मग मोठ्या रुग्णालयात पाठवतात. पाठवलं तर जा, उद्यावर टाकू नका. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचंच, पण लस चालू करून. ‘बघू या कुत्रं मरतं का’ म्हणून थांबणं हा शुद्ध जुगार आहे, कारण एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही असंच धरून चालावं. लक्षणं बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात, क्वचित वर्षानंतरही. म्हणून महिन्यापूर्वीचा चावा आज कळला, तरी आज जायचं. पाळलेलं कुत्रं, लहानसं पिल्लू, मांजर, माकड यांच्या चाव्यालाही हेच लागू.

मुलांबद्दल सगळ्यात जास्त काळजी वाटते. रेबीजने मरणाऱ्यांत लहान मुलं फार आहेत. त्यांची उंची कमी, त्यामुळे चावा तोंडावर, मानेवर बसतो आणि तिथून मेंदू जवळ. शिवाय मुलं सांगत नाहीत. कुत्र्याला दगड मारला म्हणून बाबा रागावतील, आई ‘त्या गल्लीत गेलासच कशाला’ म्हणेल, वर इंजेक्शन. त्यापेक्षा ओरखडा फुलपँटखाली झाकलेला बरा. म्हणून आजच जेवताना सांगून टाका: कुत्रं चावलं किंवा नखं लागली तर कुणीही रागावणार नाही, चूक कुणाचीही असो. आणि तसं वागा. निजलेल्या किंवा खाणाऱ्या कुत्र्याला, पिल्लांजवळच्या कुत्रीला छेडायचं नाही आणि कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून उभं राहायचं, हेही त्याच बैठकीत होऊन जाईल.

आणि रोज कुत्र्यांत वावरणाऱ्यांनो, स्वतःलाही आधीच टोचून घेता येतं, चावण्याची वाट न पाहता. डॉक्टरांना ‘चावण्याआधीची लस’ म्हणून विचारा. ती पूर्ण झालेली असली की पुढे कधी चावलं तर सीरम लागत नाही. जखम धुऊन त्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक, एवढ्यावर भागतं. दवाखान्याचा कागद मात्र जपून ठेवा, तिथे तोच मागतात.