जुनी फळी, नवं पातं

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाण्याला तोटा नाही. वैनगंगा आहे, वर्धा आहे, इरई आहे, मालगुजारी तलाव तर गावोगावी. पण शीड धरून फळीवर उभं राहणारा माणूस काही इथे दिसत नाही. तरी गेला आठवडाभर आमच्या घरात फोनवर हाच एक विषय चाललाय. गोव्याला असलेल्या भाच्याने विंडसर्फिंगचा एक जुना बोर्ड स्वस्तात घेतला आणि त्याला आता फॉईल लावायचंय. ताई म्हणते, भंगारात पैसे घालू नको, घ्यायचा तर नवा घे. भाऊजी म्हणतात, आहे तसाच वापर की! दोघांनाही थोडं थोडं अमान्य करून माझं मत इथे मांडतो.

फॉईल म्हणजे पाण्याखालचं विमानच म्हणा ना. बोर्डाखाली साधारण ७० ते ९५ सेंटीमीटरचा खांब आणि त्याच्या तळाशी पंख. वेग आला की पंख उचल देतात, फळी पाण्याबाहेर येते, घर्षण एकदम कमी होतं आणि मंद वाऱ्यातही माणूस झकास पळतो.

आता "जुना फेका, नवा घ्या" याबद्दल. ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग आलं १९८४ साली. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत बोर्डाचे सहा प्रकार झाले. २००८ पासून चाललेला आरएस:एक्स टोकियोनंतर गेला आणि फॉईलवाला आयक्यूफॉईल आला. आपल्या इबाद अलीने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं ते आरएस:एक्सवर, म्हणजे ऑलिंपिकने आधीच निवृत्त केलेल्या बोर्डावर! खेळ इतक्या झपाट्याने कात टाकत असेल, तर सामान्य घरातल्या पोराने आत शिरायचं कुठून? जुन्या फळीतूनच. म्हणून ताई, याला मी कंजुषी म्हणणार नाही.

पण भाऊजी, "आहे तसाच" हेही नाही. जुना बोर्ड बनला तो फिनसाठी. फिनचा जोर मुख्यतः बाजूने येतो. फॉईल मात्र खालून वर ढकलतं, आणि लांब खांबामुळे तरफेसारखं पिळतंही. तो सगळा भार येतो एका छोट्याशा खोबणीवर. आत हलका फोम, वर पातळ कवच... खोबण उखडून वरचं कवचही फाटू शकतं. त्यावर उपाय आहे. खोबणीभोवतीचा फोम काढून तळापासून वरच्या कवचापर्यंत घट्ट, जड फोमचा ठोकळा बसवायचा आणि दोन्ही बाजूंनी काच किंवा कार्बनचं कापड इपॉक्सीने चढवायचं. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण ते थर्माकोलसारख्या फोमला खाऊन टाकतं. आणि मागून अरुंद, लांबोडका बोर्ड असेल तर हा खटाटोपच नको. फॉईलला तोलायला मागची रुंदी लागते.

आमच्याकडे धिवर बांधवांचा डोंगा एकाच खोडातून कोरलेला असायचा. त्याला सांधाच नाही. एकाला दुसरं जोडलं की सांधा आला, आणि सांधा आला की काळजी आली. पाणी चुकीला माफी देत नाही, हे वैनगंगेकाठच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव उलटली, जीव गेले. त्या पोटासाठी नदीत उतरल्या होत्या. तू हौसेसाठी उतरतोयस, तेव्हा तुला तर निष्काळजीपणाची मुभाच नाही.

तेव्हा भाचेबुवा, रंगरंगोटीवर एक रुपया घालू नकोस, सगळा खर्च त्या सांध्यावर कर. हेल्मेट आणि जॅकेट नवंच घे, त्यात जुनं चालणार नाही. पंखांना धार असते, म्हणून पडताना फॉईलपासून लांब पडायचं. आणि उथळ पाण्यात तर जायचंच नाही, खांब तळाला टेकला की तू पुढे फेकला जाशील.

एवढं करणार असशील तर ताईची समजूत मी घालतो :)