निंबोळीलाही भाव हवा

मृगाच्या पहिल्या पावसानंतर मानवतच्या मोंढ्यात गेलो होतो. कृषी सेवा केंद्रांपुढे कपाशीच्या बियाण्यासाठी गर्दी, आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबांखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा. येणारा-जाणारा तो तुडवत होता. हीच माणसे श्रावणात मावा-तुडतुड्यांवरच्या औषधासाठी पुन्हा इथेच येतील आणि अनेकांची बाटली उधारीच्या वहीत चढेल. मग पायाखालचे औषध कोणी उचलत का नाही?

ते कुचकामी आहे म्हणून नव्हे. निंबोळीचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळसुद्धा तोंड लावत नाहीत, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच दाखवले होते. निंबोळीतला अझाडिरॅक्टिन हा घटक किडीची भूक मारतो आणि अळीला नीट कात टाकू देत नाही.

कृतीही घरगुती आहे. वाळलेल्या निंबोळीचा ५ किलो भरडा रात्रभर ९ लिटर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्याने गाळायचा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि सारे १०० लिटर करायचे. झाला ५ टक्के अर्क. एकराला २०० लिटर पाणी धरले, तर १० किलो निंबोळी पुरते.

मात्र भाबडेपणा नको. हा अर्क उन्हात लवकर निकामी होतो. म्हणून तो ताजा करून संध्याकाळी, आणि कीड थोडी असतानाच फवारावा लागतो. २०१७ मध्ये कपाशीचे अतोनात नुकसान करणाऱ्या गुलाबी बोंडअळीने एकदा बोंडात शिरकाव केला, की तिथे त्याचा हात पोहोचत नाही. पण रसशोषक किडींवरच्या पहिल्या एक-दोन विषारी फवारण्या त्याने टळू शकतात. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने टळलेली प्रत्येक फवारणी मोलाची आहे.

मोंढ्यातल्या एका शेतकऱ्याला मी माझा प्रश्न विचारला. तो हसला. ‘‘सरकी लावायची का निंबोळ्या येचायच्या, तुम्हीच सांगा भाऊ.’’

खरी मेख इथे आहे. निंबोळी पिकते जून-जुलैत, नेमकी लागवडीच्या धांदलीत. फवारणीला ती लागते महिना-दीड महिन्याने. झाड फुकट असले, तरी वेचणे, गर सोडवणे, सावलीत वाळवणे आणि भरडणे फुकट होत नाही. आपण मात्र निंबोळीचे गुण सांगतो आणि मजुरीचा हिशेब शेतकऱ्यावर सोडतो.

तो हिशेब गावाने उचलावा. बचत गटाने जूनमध्ये रोख पैसे देऊन निंबोळी घ्यावी, वाळवून ठेवावी आणि श्रावणात भरडा करून विकावा. ज्या मोंढ्यात कापसाचा काटा होतो, तिथे निंबोळीचाही व्हावा. भाव मिळाला, की पायाखालचा सडा पोत्यात भरायला कोणाला सांगावे लागणार नाही.